लेसोथो आणि एस्वातिनी: राजा दोन्हीकडे आहे, पण सही कुणाच्या इच्छेने होते?

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे दोन लहान राज्यं आहेत आणि दोन्हीकडे राजा गादीवर आहे. लेसोथोत लेत्सिए तिसरे, एस्वातिनीत म्स्वाती तिसरे. दोन्ही देशांना समुद्र नाही. दोन्ही ब्रिटिशांच्या ताब्यात होते आणि दोन वर्षांच्या अंतराने स्वतंत्र झाले: लेसोथो ४ ऑक्टोबर १९६६ रोजी, एस्वातिनी ६ सप्टेंबर १९६८ रोजी. दोघांचं चलन दक्षिण आफ्रिकेच्या रँडला बांधलेलं आहे. लेसोथोच्या एका लोटीला एक रँड, एस्वातिनीच्या एका लिलांगेनीलाही एक रँड. दोन्हीकडे लिखित राज्यघटना, दोन सभागृहांची संसद आणि पंतप्रधान आहे. एवढं साम्य पाहिल्यावर दोघांना एकाच पिशवीत घालून ‘आफ्रिकेतल्या छोट्या राजेशाह्या’ म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. परीक्षेच्या पुस्तकांत आणि बातम्यांत ही गल्लत मी इतक्यांदा पाहिली आहे की ती एकदा नीट सोडवून दाखवावी असं वाटलं. कारण यातला एक देश खरोखर घटनात्मक राजेशाही आहे. दुसऱ्याकडेही घटना आहे, पण तिथे राजाच्या वर कुणी नाही.

आधी नकाशा आणि नावं उरकून घेऊ. लेसोथो चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला आहे. क्षेत्रफळ सुमारे ३०,३५५ चौरस किलोमीटर, लोकसंख्या बावीस-तेवीस लाखांच्या घरात, राजधानी मासेरू. सगळा डोंगराळ मुलूख. देशातली सर्वांत सखल जागासुद्धा समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंच. एस्वातिनी त्याच्या ईशान्येला, निम्म्याहून थोडा मोठा, १७,३६४ चौरस किलोमीटरचा. त्याची एक सीमा मोझांबिकला लागते. प्रशासन म्बाबाने शहरात चालतं, तर संसद आणि राजघराणं लोबाम्बात. हा देश २०१८ पर्यंत स्वाझीलँड होता. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आपले तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद तिथे गेले, तेव्हाही स्वाझीलँडच. ते परतल्यावर थोड्याच दिवसांत, १९ एप्रिलला, राजाने आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी देशाचं नाव एस्वातिनी झाल्याचं जाहीर केलं. देशाचं नाव कसं बदललं, हेही आपल्या विषयासाठी महत्त्वाचं आहे. घोषणा राजाने केली आणि नाव बदललं.

लेसोथोचं लिहिणं आणि बोलणं वेगळं आहे. स्थानिक उच्चार ‘लेसूटू’च्या जवळ जातो. लोक बासोथो, एकटा माणूस मोसोथो, भाषा सेसोथो. मूळ शब्द एकच, पुढचा उपसर्ग बदलत जातो. एस्वातिनीतही भाषा सिस्वाती, देश एस्वातिनी. ही गंमत एकदा कळली की बातम्यांतली निम्मी नावं परकी वाटेनाशी होतात.

आता मूळ मुद्दा. ‘घटनात्मक राजेशाही’ म्हणजे जिथे घटनाही आहे आणि राजाही आहे, अशी समजूत सर्रास असते. तसं असतं तर दोन्ही देश त्यात बसले असते. गंमत अशी की दोन्ही घटनांमध्ये शासनाचा कार्यकारी अधिकार राजाकडेच असल्याचं लिहिलेलं आहे. शब्द जवळपास सारखे. फरक पुढच्या ओळीत आहे: तो अधिकार वापरताना राजाने कुणाचं ऐकायचं?

लेसोथोच्या १९९३ च्या घटनेचं ४४ वं कलम राजाला थेट ‘घटनात्मक राजा आणि राष्ट्रप्रमुख’ म्हणतं. कायद्यावर सही त्याची, संसद त्याच्या नावाने बोलावली जाते, पंतप्रधानाची नेमणूक त्याच्या हातून होते. पण पंतप्रधान म्हणून नेमायचं कुणाला, तर ज्याच्या मागे खालच्या सभागृहातलं बहुमत आहे त्याला. बाकी जवळपास प्रत्येक कृती मंत्रिमंडळाच्या किंवा राज्य परिषद या राजाला सल्ला देणाऱ्या मंडळाच्या सल्ल्याने. आपल्याकडे राष्ट्रपतींचं जे स्थान आहे, तेच इथे राजाचं. भारताच्या आणि लेसोथोच्या घटनांनी हा धडा ब्रिटिश संसदेकडून घेतला आहे.

पण लेसोथोची घटना इथे थांबत नाही, आणि मला तिचं सर्वांत जास्त कौतुक वाटतं ते या पुढच्या पावलाचं. ९१ व्या कलमात अशी तरतूद आहे की सल्ल्यानुसार एखादी गोष्ट करणं राजावर बंधनकारक असूनही त्याने ती केली नाही, तर पंतप्रधानाने राजाला कळवायचं: ‘अमुक मुदतीत आपण हे केलं नाही, तर मी करीन.’ मुदत संपली की पंतप्रधान ती कृती स्वतः करू शकतो. मग त्याने लगेच संसदेला तसं सांगायचं, आणि कायद्याच्या नजरेत ती कृती राजानेच केली असं धरलं जातं. म्हणजे राजाने सही अडवून धरली तरी कामकाज अडत नाही. आपल्याकडे राष्ट्रपतींनी किंवा राज्यपालांनी एखादं विधेयक महिनोन्‌महिने तसंच ठेवलं तर काय करायचं, यावर केवढा खल होतो! लेसोथोच्या घटनाकारांनी ती फट आधीच बुजवून टाकली होती.

त्यांना ही फट दिसली कशी? अनुभवातून. लेसोथोचा राजा जन्मतः शांत बसणारा नव्हता. तो घडत गेला, आणि ती कहाणी थोडी सविस्तर सांगायला हवी.

बासोथो राष्ट्र उभं केलं ते एकोणिसाव्या शतकात पहिल्या मोश्वेश्वे यांनी, थाबा बोसिऊ नावाच्या सपाट माथ्याच्या डोंगरावरून. लढायांनी विखुरलेल्या टोळ्यांना आसरा देत त्यांनी माणसं जोडली. बोअर, म्हणजे डच वंशाच्या, वसाहतवाल्यांच्या रेट्यापुढे मुलूख जाऊ लागला तेव्हा त्यांनी ब्रिटिश संरक्षण मागून घेतलं. ते १८६८ मध्ये मिळालं. सेसोथोत एक म्हण आहे: ‘मोरेना के मोरेना का बाथो.’ राजा हा राजा असतो तो लोकांमुळे. तिथल्या पित्सो या जाहीर सभेत प्रजेने सरदाराला तोंडावर सुनावण्याची रीतही जुनी. त्यामुळे मर्यादित राजेशाही ही केवळ लंडनहून आलेली वस्तू आहे असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

स्वातंत्र्याच्या वेळी गादीवर होते दुसरे मोश्वेश्वे. त्यांना नुसतं शोभेचं पद नको होतं, प्रत्यक्ष अधिकार हवे होते. पंतप्रधान लेआबुआ जोनाथन यांच्याशी त्यांचं लगेच वाजलं. डिसेंबर १९६६ मध्ये थाबा बोसिऊवर जमलेल्या राजाच्या समर्थकांची पोलिसांशी चकमक होऊन माणसं मेली, आणि पाठोपाठ राजाकडून लिहून घेतलं गेलं की घटनेची चौकट मोडली तर गादी सोडल्यासारखं मानलं जाईल. पण चौकट पुढे मोडली ती पंतप्रधानाने. १९७० च्या निवडणुकीत आपण हरतोय हे दिसताच जोनाथन यांनी निकाल गुंडाळला, घटना स्थगित केली आणि राजाला काही महिन्यांसाठी परदेशी, नेदरलँड्सला धाडलं. जानेवारी १९८६ मध्ये जनरल लेखान्या यांच्या सैन्याने जोनाथन यांना हटवलं आणि अधिकार राजाच्या नावे केले. चार वर्षांत त्याच लेखान्यांनी राजालाही पदच्युत केलं आणि त्याच्या मुलाला, आजच्या लेत्सिए तिसऱ्यांना, गादीवर बसवलं.

वडील हयात असताना आणि परदेशात असताना मुलगा राजा झाला. लेत्सिएंना हे सलत होतं. १९९३ ची निवडणूक झाली, न्त्सू मोखेहले यांच्या पक्षाने ६५ पैकी सगळ्या ६५ जागा जिंकल्या, नवी घटना लागू झाली. वडिलांना गादी परत मिळेना. मग ऑगस्ट १९९४ मध्ये लेत्सिएंनी निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं आणि संसद विसर्जित केली. निषेध करायला लोक राजवाड्यापाशी जमले, सैनिकांनी गोळ्या झाडल्या, काही जण मेले. दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना आणि झिंबाब्वे या शेजाऱ्यांनी एवढा दबाव आणला की महिन्याभरात राजाला माघार घ्यावी लागली. मोखेहले परत पंतप्रधान झाले. तडजोडीचा भाग म्हणून जानेवारी १९९५ मध्ये लेत्सिए स्वतः खाली उतरले आणि वडील पुन्हा राजे झाले. वर्ष उलटत नाही तोच, १५ जानेवारी १९९६ ला, दुसरे मोश्वेश्वे डोंगरातल्या रस्त्यावर मोटार अपघातात गेले. फेब्रुवारीत लेत्सिए दुसऱ्यांदा राजा झाले. तेव्हापासून तेच आहेत.

या माणसाची खरी परीक्षा पुढे १९९८ मध्ये झाली. मे महिन्यातल्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाने सुमारे ६० टक्के मतांवर ८० पैकी ७९ जागा घेतल्या. विरोधकांनी घोटाळ्याचा आरोप केला आणि हजारो लोक मासेरूत राजवाड्याच्या फाटकाबाहेर ठाण मांडून बसले. मागणी हीच की राजाने निवडणूक रद्द करावी. चार वर्षांपूर्वी ज्याने असंच पाऊल टाकलं होतं त्याच्याच दारात लोक तेच मागत होते. या वेळी लेत्सिएंनी सरकार पाडलं नाही. सप्टेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेचं आणि बोट्स्वानाचं सैन्य शिरलं, मासेरूच्या बाजारपेठेची राखरांगोळी झाली, अनेकांचे जीव गेले. किंमत मोठी होती. पण त्यातून निघालेला उपाय निवडणूक पद्धतीचा होता, राजाचे अधिकार वाढवण्याचा नव्हता. २००२ पासून १२० जागांपैकी ८० मतदारसंघातून आणि ४० पक्षांच्या एकूण मतांच्या प्रमाणात भरल्या जातात. फरक लगेच दिसला: त्या वर्षी विरोधातल्या बासोथो नॅशनल पार्टीला मतदारसंघातून काहीच मिळालं नाही, पण प्रमाणाच्या वाट्यातून २१ खासदार आले. मतदान यंत्रणा सुधारण्याची ही दिशा ‘घटनात्मक’ शब्दाचा खरा अर्थ सांगते, असं माझं मत आहे.

आता एस्वातिनीकडे वळू. तिथेही स्वातंत्र्याच्या वेळी ब्रिटिश धाटणीची घटना, पक्ष आणि निवडणुका होत्या. राजे होते दुसरे सोभुझा, १८९९ पासून १९८२ पर्यंत, ८२ वर्षं गादीवर. १९७२ च्या निवडणुकीत राजाच्या पक्षाने २४ पैकी २१ जागा जिंकल्या. उरलेल्या ३ विरोधी पक्षाकडे गेल्या. त्या तिघांपैकी एक, न्ग्वेन्या, हा आपला नागरिकच नाही असं ठरवून सरकारने त्याला देशाबाहेर काढलं. वरच्या न्यायालयाने मात्र निकाल त्याच्या बाजूने दिला. १२ एप्रिल १९७३ रोजी लोबाम्बात जमलेल्या लोकांसमोर सोभुझांनी जाहीर केलं की घटना रद्द, राजकीय पक्ष बंद, सगळे अधिकार राजाकडे. तीन जागा आणि एक न्यायालयीन निकाल, एवढंही सोसवलं नाही.

लेसोथोत १९७० मध्ये जे झालं ते यापेक्षा कमी वाईट नव्हतं. पण तिथे घटना मोडणारा पंतप्रधान होता आणि तो १६ वर्षांनी गेला. इथे घटना मोडणारा राजाच होता; त्याला घालवणार कोण? १९७३ ची ती घोषणा तीस वर्षांहून अधिक काळ देशाचा पाया राहिली. २००५ मध्ये, आताचे राजे म्स्वाती यांच्या काळात, नवी घटना आली. म्स्वाती १९८६ मध्ये १८ व्या वर्षी गादीवर बसले. त्यांच्या घटनेत नागरिकांना संघटना करण्याचा हक्क आहे, पण निवडणूक ‘वैयक्तिक गुणवत्ते’वर लढवायची असं ७९ वं कलम सांगतं. पक्षाच्या नावावर, पक्षाच्या चिन्हावर कुणी उभा राहू शकत नाही.

ही पद्धत टिंखुंडला म्हणून ओळखली जाते आणि ती नेमकी चालते कशी हे पाहण्यासारखं आहे. सुरुवात गावातल्या सरदाराच्या वस्तीपासून. तिथे लोक जमतात, कुणी एक नाव सुचवतो आणि अनुमोदनाचे हात वर होतात. हे सगळं सरदाराच्या हद्दीत, सगळ्यांच्या देखत. आता हे लक्षात घ्या की ‘स्वाझी राष्ट्राच्या जमिनीवर’ घर बांधायला आणि शेत कसायला जागा मिळते ती याच सरदाराच्या हाताखाली, आणि सरदार असतो राजाच्या हाताखाली. ज्याच्या कृपेने डोक्यावर छप्पर आहे त्याच्या अंगणात हात वर करताना माणूस काय विचार करत असेल? नंतरच्या दोन फेऱ्या गुप्त मतदानाच्या होतात आणि त्यांतून ५९ खासदार निवडले जातात. त्यात राजा आपले १० पर्यंत घालू शकतो. वरच्या सभागृहाच्या ३० पैकी २० जणांची नेमणूक राजाच करतो. पंतप्रधानही राजाच ठरवतो, आणि तो डलामिनी या राजकुळातला असण्याची प्रथा आहे. सध्याचे पंतप्रधान रसेल डलामिनी, त्यांच्या आधीचे क्लिओपास डलामिनी, त्यांच्याही आधीचे अ‍ॅम्ब्रोस डलामिनी.

लेसोथोच्या वरच्या सभागृहातही परंपरेला जागा आहे, हे न्यायाने सांगितलं पाहिजे. ३३ पैकी २२ जागा प्रमुख सरदारांच्या, वंशपरंपरेने. उरलेले ११ राजा नेमतो, पण राज्य परिषदेच्या सल्ल्याने. परंपरा दोन्ही संसदांत बसलेली आहे. लेसोथोत सरकार कोण चालवणार हे तिथून ठरत नाही, एवढाच फरक, आणि तो पुरेसा आहे.

फरक कागदावरचा की प्रत्यक्षातला, अशी शंका कुणाला असेल तर अविश्वास ठराव हे एकच माप लावून पाहावं. एस्वातिनीत ऑक्टोबर २०१२ मध्ये सभागृहाने मंत्रिमंडळावर अविश्वास दाखवला; ४२ खासदारांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं. घटनेप्रमाणे अशा वेळी राजाने मंत्रिमंडळ बरखास्त करायला हवं होतं. पंतप्रधान बार्नबस डलामिनी यांनी पद सोडायला नकार दिला, आणि दोन आठवड्यांच्या आत सभागृहाने स्वतःचाच ठराव मागे घेतला. मंत्रिमंडळ होतं तिथेच राहिलं.

लेसोथोत १ मार्च २०१७ रोजी पंतप्रधान पाकालिथा मोसिसिली यांच्या सरकारविरुद्ध असाच ठराव मंजूर झाला. मोसिसिली यांनी राजाला संसद विसर्जनाचा सल्ला दिला, राजाने संसद विसर्जित केली, ३ जूनला मतदान झालं आणि मोसिसिली हरले. टॉम थाबाने पंतप्रधान झाले. राजाला यातलं काय आवडलं, काय नावडलं, हे कुणी विचारलं नाही आणि विचारण्याची गरजही पडली नाही.

याचा अर्थ लेसोथोत सगळं सुरळीत आहे असा मुळीच नाही. २०१२, २०१५ आणि २०१७, पाच वर्षांत तीन सार्वत्रिक निवडणुका. आघाड्या जुळतात आणि फुटतात, खासदार बाक बदलतात, पक्षातून पक्ष निघतात. सैन्याची सावली तर अजून हटलेली नाही: ऑगस्ट २०१४ मध्ये सैनिकांनी पोलीस ठाण्यांवर चाल केली तेव्हा पंतप्रधान थाबाने यांना सीमा ओलांडून दक्षिण आफ्रिकेत जावं लागलं. २०२० मध्ये त्यांची दुसरी कारकीर्दही आघाडी फुटल्यानेच संपली. ऑक्टोबर २०२२ च्या निवडणुकीत मतदारांनी सगळ्याच जुन्यांना बाजूला सारून हिरे व्यवसायातून श्रीमंत झालेले सॅम माटेकाने यांना निवडलं. त्यांचा पक्ष त्याच वर्षी मार्चमध्ये निघालेला! त्याला १२० पैकी ५६ जागा मिळाल्या. बहुमताला पाच कमी पडल्या आणि पुन्हा आघाडीच करावी लागली.

त्याच वर्षीची एक घटना मला फार बोलकी वाटते. ऑगस्टमध्ये, निवडणूक तोंडावर आलेली असताना, सुधारणांची विधेयकं मंजूर करायची राहून गेली म्हणून सरकारने आणीबाणी जाहीर केली आणि विसर्जित संसद परत बोलावली. परत बोलावण्याची घोषणा राजाच्या नावाने निघाली, कारण सल्ला तसा होता. लोक न्यायालयात गेले आणि न्यायालयाने सांगितलं, ही आणीबाणीच बेकायदा. घोषणा राजाच्या नावाची होती, पण मान खाली घालावी लागली सरकारला. कारण निर्णय सरकारचा होता.

एस्वातिनीत राजाला न्यायालयात खेचता येत नाही, हे तिथल्या घटनेतच लिहिलेलं आहे. जून २०२१ मध्ये तिथल्या तरुणांनी आणि गावोगावच्या लोकांनी आपापल्या खासदारांकडे लेखी अर्ज न्यायला सुरुवात केली. बहुतेक अर्जांत एक मागणी ठळक होती: पंतप्रधान आम्हाला निवडू द्या. २४ जूनला सरकारने अर्ज देण्यावरच बंदी घातली. त्यानंतर देश पेटला. दुकानं जळली, सैन्य रस्त्यावर आलं, डझनांनी माणसं मारली गेली. ही मागणी सभागृहात लावून धरणाऱ्या बसेडे माबुझा आणि म्थांडेनी डुबे या दोन खासदारांना जुलैमध्ये अटक झाली. लोकशाही सुधारणांसाठी लढणारे वकील थुलानी मासेको यांची २१ जानेवारी २०२३ ला राहत्या घरी, कुटुंबीयांच्या डोळ्यांदेखत गोळ्या घालून हत्या झाली. जुलै २०२४ मध्ये शिक्षा सुनावल्या गेल्या: माबुझा यांना २५ वर्षं, डुबे यांना १८ वर्षं. त्यांनी जे मागितलं होतं, ते तिथून काही तासांच्या रस्त्यावर असलेल्या मासेरूमध्ये १९९३ पासून घटनेत लिहिलेलं आहे.